पावती क्रमांक ५१०५१०

हळदीच्या हंगामात काट्यावर कुणाला नाव नसतं.
गाडी भरलेली चढते, रिकामी चढते,
मी मधला फरक छापते.
सांगलीच्या यार्डात, चैत्रातल्या एका संध्याकाळी
यंत्रानं कागद बाहेर ढकलला:
राजापुरी, एकशे ऐंशी पोती,
आणि वर कोपऱ्यात, जिथं कुणी बघत नाही,
५१०५१०.

पाचशे दहा. परत पाचशे दहा.
कुणी अडखळून तेच बोलावं तसं.
तीन आकडे असे जोडीनं आले
की आत एक हजार एक असतोच,
आहेराच्या पाकिटासारखा.
पाकीट फोडलं: सात, अकरा, तेरा.
उरलेल्या पाचशे दहाचं शून्य सोडवलं, दोन आणि पाच निघाले.
राहिला एक्कावन्न.
तोंडावरून अगदी मूळ संख्या वाटतो, मोडेन पण वाकणार नाही असा,
पण आमच्या शाळेत पाढे ओरडून घेत:
सतरा त्रिक एक्कावन्न.

हरिपूरला पेवं होती तेव्हा
चुलते आधी आत कंदील सोडायचे.
विझला नाही तरच माणूस उतरायचा.
वरून सपाट माती, खाली खोलीभर हळद.
पावतीच्या पाठीवर मी तशीच उतरत गेले,
दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा,
सगळे मूळ, ओळीनं, मधला एकही गाळलेला नाही
आणि कुणी दुसऱ्यांदा आलेला नाही.
अशा संख्येला वर्गमुक्त म्हणतात.
शब्द यार्डाला लावून बघितला.
अडत्या, खरेदीदार, तोलार, हमाल.
बसला नाही.

"मॅडम, हिशेब चुकला काय?" अन्वर शिकलगार,
खांद्यावर पिवळा झालेला टॉवेल.
"नाही. आत सात जण आहेत."
"आमची टोळी बी सातांचीच हाय की."
मग त्याला सांगितलं, या सातांतले कुणीही उचला,
दोघं, चौघं, सगळे,
त्यांच्या गुणाकारानं ही संख्या निःशेष जाते.
असे एकशे अठ्ठावीस भाजक.
"आन् कुणीच आलं न्हाई तर?"
"तर एक. तोही धरलाय."
त्यानं टॉवेल झटकला. दोघांनाही शिंक आली.

स्वतःला वगळून त्या भाजकांची बेरीज मी केली:
बारा लाख एकतीस हजार तीनशे चौदा.
तुकडे अख्ख्याच्या दुपटीहून जड!
माझ्या काट्यानं असं दाखवलं
तर वजनमापवाले उद्या सील ठोकतील.
गणितात त्याला विपुल म्हणतात
आणि पुढं जातात.

हर्षद मात्र नाही.
अंकांची बेरीज बारा, आणि बारानं भाग जात नाही,
दुसरा दोन लागतो, इथं दोन एकटाच.
चौरसही नाही: सातशे चौदा गुणिले सातशे पंधरा,
एका घरानं हुकलेला आयत.
माझ्या माहेरची खोली अशीच होती,
सतरंजी कुठूनही घातली तरी
एका बाजूला फरशी उघडी.

पुढची गाडी चढली. ५१०५११.
सातही जणांना लावून बघितलं.
प्रत्येकाच्या हातात एक उरला, एकच.
मला वाटलं, ही मूळ असणार.
कुणाचीच नाही, स्वतःच्या पायावर उभी.
सातशे चौदापर्यंतचे सगळे मूळ तपासायचे
म्हणून वहीचं कोरं पान काढलं, पेन्सिलीला टोक केलं,
ड्रायव्हरला म्हटलं, थांबा जरा, कागद अडकलाय.
पहिलाच होता एकोणीस.
आणि एकोणिसानं
भाग गेला.

सत्त्याण्णव आणि दोनशे सत्त्याहत्तर नंतर निघाले.
ते कुणाच्या टोळीतले, ठाऊक नाही.
ड्रायव्हरनं हॉर्न दिला.
पान कोरंच राहिलं होतं, ते परत वहीत दाबलं,
आणि फरक छापला.